मापाचे हॉकी स्केट घरी तापवून पायावर बसवणे : ओटीजी, दमट हवा आणि काही शंका

मिऱ्याबंदर

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत आम्ही काही जण नियमाने इनलाइन हॉकी, म्हणजे एका रांगेत चाके असलेल्या स्केटवरची हॉकी, खेळतो. पावसाळ्यात एखादे सभागृह मिळाले तर आतल्या फरशीवर आणि दसऱ्यानंतर सिमेंटच्या कोर्टवर, असा आमचा हंगाम असतो. माझा चवडा रुंद आणि टाच अरुंद असल्यामुळे तयार मापाच्या बुटात कधी करंगळी चेपते, तर कधी टाच आतल्या आत हलते, म्हणून या वेळी हिय्या करून मापाचे बूट करून घेतले. कागदावर पायाची बाह्यरेषा काढली, चवड्याचा, कमानीवरचा आणि घोट्याचा घेर टेपने मोजला, चारी बाजूंनी छायाचित्रे काढून परदेशातल्या कारागिरांकडे पाठवली, आणि मर्चंट नेव्हीत असलेल्या मामांनी रजेवर येताना बूट सोबत आणले.

उजवा बूट उत्तम बसला आहे. डाव्या पायाला मात्र आतल्या घोट्याच्या थोडे खाली आणि पुढे जे हाड वर आलेले आहे, त्यावर बूट घासतो आणि अर्धा तास खेळल्यावर तिथे हात लावू देववत नाही. बुटासोबत आलेल्या पत्रकात बूट घरच्या ओव्हनमध्ये 82 अंश सेल्सिअसला तापवून, गरम असतानाच पायात घालून आकार देता येतो, असे लिहिले आहे. स्केट तापवण्याचा खास ओव्हन असलेले दुकान आपल्याकडे जवळपास नाही आणि मुंबईला जायचे तर आधी फोन करून खात्री करावी लागते. घरी केक आणि नानकटाईसाठी घेतलेला ओटीजी आहे. तो या कामाला चालेल का, आणि बूट बिघडू नये म्हणून काय काळजी घ्यावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

गुहागरी_परतलेला

मी बरीच वर्षे ओंटारिओत होतो आणि तिथे दर मोसमात स्वतःचे आणि मुलांचे बूट तापवून घेत असे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. बर्फावरच्या आणि चाकांवरच्या हॉकी स्केटचा बूट जवळपास सारखाच असतो, फरक तळाखाली असतो, त्यामुळे पुढचे सगळे दोन्हींना लागू आहे.

तापवण्याने काय होते, यापेक्षा काय होत नाही हे आधी लक्षात घ्यावे. बुटाची लांबी बदलत नाही. पुढची टो-कॅप कडक प्लॅस्टिकची असते आणि ती आकार घेत नाही, त्यामुळे बोटे दुमडत असतील तर कितीही तापवून उपयोग नाही. सरळ उभे राहिल्यावर बोटे कॅपला जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवून खेळण्याच्या पवित्र्यात आल्यावर किंचित मागे सरकावीत, असे माप योग्य समजतात. हॉकी स्केटचा आकडा रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड आकड्याने लहान असतो, हे माहीत नसल्यामुळे आपल्याकडे अनेक जण मोठा बूट घेतात आणि मग तो तापवून पायावर बसेल अशी आशा धरतात. तयार बुटांतही रुंदी आणि खोली निवडता येते : बाउअर कंपनीने त्यासाठी फिट 1, 2, 3 अशी वर्गवारी केली आहे, सीसीएम कंपनीच्या बुटांत टेपर्ड (निमुळते), रेग्युलर आणि वाइड मिळतात. कॅनडातल्या विनिपेग शहरात व्हीएच या नावाने सुरू झालेले आणि पुढे ट्रू कंपनीकडे गेलेले बूट मात्र सुरुवातीपासूनच ओव्हनमध्ये तापवून पायावर ओतल्यासारखे बसवण्यासाठी प्रसिद्ध आहेत.

तुमच्या बुटाच्या खोलीची परीक्षा एका पेन्सिलीने होते. बूट घालून, लेस न आवळता, वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही कडांवर टेकली आणि जिभेला स्पर्श झाला नाही, तर खोली पुरेशी आहे. जिभेवर टेकून डुगडुगली, तर पाय बुटाबाहेर आलेला आहे आणि तो दोष उष्णतेने जाणार नाही. लांबी आणि खोली ठीक असून केवळ एका हाडावर दाब येत असेल, तर मात्र तापवणे हाच उपाय आहे, आणि तुमचे वर्णन वाचून तुमचे प्रकरण तसेच दिसते.

आता ओटीजीविषयी. आपल्याकडच्या बहुतेक ओटीजींचा काटा 100 अंशांपासून सुरू होतो, आत दाखवलेल्या आकड्याच्या बऱ्याच वरखाली तापमान होत राहते आणि तापलेल्या कांड्या उघड्या असतात. त्यामुळे काट्यावर विसंबू नका. ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा तापमापक घ्या. ओटीजी आधी तापवा, मग बंद करा, दार किंचित उघडे ठेवून तापमापक 82 च्या आसपास उतरेपर्यंत थांबा आणि त्यानंतरच बूट आत ठेवा. कांड्या पेटलेल्या असताना बूट आत असता कामा नये, कारण हवा 80 अंशांवर असली तरी कांडीसमोरची बाजू थेट उष्णतेने त्याहून कितीतरी जास्त तापते. मायक्रोवेव्हचा तर विचारही करू नका; बुटात धातूची आयलेट (लेस ओवायच्या भोकांच्या कड्या) आणि रिव्हेट असतात.

बूट ठेवण्यापूर्वी चाके आणि बेअरिंग काढा, लेस खालपर्यंत सैल करा, जीभ पुढे ओढून ठेवा. किती मिनिटे हे मॉडेलप्रमाणे बदलते आणि पत्रकात असेल तेच पाळावे. साधारण चार ते आठ मिनिटांच्या दरम्यान काम होते. घोट्याची बाजू अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागली की झाले. मग एकावेळी एकच बूट, पातळ मोजा घालून, खुर्चीवर बसून चढवायचा, टाच जमिनीवर हलकेच आपटून मागच्या खळग्यात बसवायची आणि लेस खालून वर आवळत यायचे. लेस वरच्या दिशेने हिसका देऊन ओढू नये, कारण कवच गरम असताना आयलेट उपटून येतात. प्रत्येक जोडी बाहेरच्या बाजूला, सावकाश ओढावी. त्यानंतर गुडघे काटकोनात ठेवून दहा-पंधरा मिनिटे नुसते बसायचे. उठायचे नाही, चालायचे नाही. मग लेस पुरती सैल करून पाय अलगद काढायचा आणि चोवीस तास बुटाला हात लावायचा नाही.

लोटे_एमआयडीसी

वरील प्रतिसादाला अनुमोदन. मी प्लॅस्टिकच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून उष्णतेमागचे कारण थोडक्यात मांडतो. कवचात कार्बनचे किंवा काचेचे तंतू असले तरी 80 अंशांना ते तंतू मऊ होत नाहीत, मऊ होते ते त्यांना धरून ठेवणारे प्लॅस्टिक. ते थर्मोप्लास्टिक असेल तरच बूट पुन्हा आकार घेतो. गूळ तापवला की पातळ होतो आणि गार झाला की पुन्हा घट्ट होतो, पण उकडलेले अंडे कितीही तापवले तरी पातळ होत नाही. साधे इपॉक्सी, म्हणजे तंतू धरून ठेवणारे दुसऱ्या प्रकारचे रेझिन, हे त्या अंड्याच्या जातीचे असते. म्हणून ज्या बुटाच्या पत्रकात तापवण्याचा उल्लेखच नाही, तो बूट "कार्बनचा आहे, म्हणजे चालेल" असे समजून ओव्हनमध्ये घालू नये. स्पीड स्केटिंगच्या बुटांचे तापमान आणि वेळही निराळी असते, तेव्हा तिथला आकडा इथे आणू नये.

आतला ईव्हीए फोम साधारण याच तापमानाला दबून पायाचा ठसा घेतो. अडचण अशी की तळ आणि टो-कॅप चिकटवणारा गोंदही या तापमानाच्या आसपास ढिला पडू लागतो. दहा अंश कमी झाले तर आकार नीट येत नाही एवढेच, पण वीस अंश जास्त झाले तर तळ सुटतो. चूक करायचीच तर कमी बाजूला करावी. आणि प्रत्येक वेळी तापवताना गोंदाचे आयुष्य थोडे कमी होते, म्हणून "थोडेसे राहिले, पुन्हा एकदा घालू" हा मोह आवरावा.

अढीवाला

एप्रिल-मेमध्ये आमच्या बागेत दुपारी बंद गाडीत बसवत नाही. बूट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले तर ओव्हनचा खर्च वाचणार नाही का? किंवा गावातल्या बेकरीची भट्टी रात्री विझवल्यावरही सकाळपर्यंत गरम असते, तीही वापरता येईल.

लोटे_एमआयडीसी

अढीवाले, गाडीतली हवा 50-60 अंशांपर्यंत जाते, तेवढ्याने कवच मऊ होत नाही. मात्र तासन्‌तास त्या उष्णतेत राहून गोंद खराब होतो, म्हणजे फायदा शून्य आणि तोटा पुरेपूर. पाव भाजताना भट्टी 200 अंशांच्या वर असते आणि विझवल्यावर ती किती अंशांवर आहे हे विटांना विचारून कळत नाही. बेकरीतून नानकटाई आणावी, बूट नेऊ नयेत.

चिपळूणची_फिजिओ

खेळाडूंचे पाय रोज पाहते, म्हणून दोन-तीन मुद्दे मांडते.

धागाकर्त्यांनी वर्णन केलेले हाड बहुधा नॅव्हिक्युलर आहे. ते अनेकांमध्ये जन्मतःच उठावदार असते, आणि ज्यांची कमान उभे राहिल्यावर खाली बसते त्यांच्यात ते आतल्या बाजूला अधिकच सरकते. म्हणून आधी एक गोष्ट तपासा : बसलेले असताना आणि उभे असताना कमानीची उंची पाहा. उभे राहिल्यावर पाय स्पष्टपणे आत कलत असेल, तर बुटाला फुगवटा देण्यापूर्वी कमानीला आधार देणारा इनसोल घालून पाहावा. अनेकदा हाड जागेवर राहते आणि घासणे थांबते. पाय कलत असतानाच बूट तापवून बसवला, तर तो कललेला आकार कायम होतो. आणखी एक गोष्ट अशी की, लहानपणापासून अनवाणी वावरलेल्या माणसांचा चवडा जास्त पसरट असतो. आपल्याकडच्या पुष्कळांचे पाय असेच असतात, त्यात दोष काही नाही. मात्र परदेशी तयार साचे त्यांना जुळत नाहीत.

दाब नेमका कुठे येतो हे अंदाजाने ठरवू नका. दुखऱ्या हाडाच्या टोकावर ओल्या कुंकवाचा ठिपका लावा, मोजा न घालता पाय बुटात सरकवा, लेस आवळा, क्षणभर उभे राहा आणि पाय बाहेर काढा. अस्तरावर जिथे लाल डाग उमटेल, तीच जागा. बहुतेकांचा अंदाज बोटभर तरी चुकलेला असतो. मग तापवतेवेळी त्या हाडावर फेल्टचा, म्हणजे नमद्याचा, रुपयाएवढा तुकडा चिकटपट्टीने बसवा आणि वरून मोजा घाला. गरम कवच त्या तुकड्याभोवती बाहेर सरकते, आणि नंतर तुकडा काढला की हाडाला तेवढी जागा मिळते.

ज्यांना मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी हा प्रयोग घरी अजिबात करू नये. गरम बूट पायाला उबदार वाटला पाहिजे. तो चटका देत असेल तर ताबडतोब काढावा, आणि चटका कळतच नसेल तर तो घालूच नये.

मालवणी_आई

माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि नुकतीच हॉकी शिकू लागली आहे. प्रशिक्षकांनी एक आकडा मोठे बूट घ्यायला सांगितले, म्हणजे दोन वर्षे पुरतील. ते तापवून तिच्या पायाला घट्ट बसवता येतील का? महागाचे बूट दरवर्षी घेणे आम्हांला परवडणारे नाही.

गुहागरी_परतलेला

ताई, तुमची अडचण खरी आहे, पण उत्तर नाही असेच आहे. उष्णतेने बूट पायाच्या आकाराला जुळतो, लहान होत नाही. वाढत्या वयात अर्धा आकडा मोकळा चालतो, पुरा आकडा मोकळा असेल तर घोटा आत लुळा पडतो आणि मुले पाय आतल्या बाजूला मोडून स्केटिंग करायला शिकतात. ती सवय पुढे जाता जात नाही. त्यापेक्षा योग्य मापाचे, कुणीतरी वापरलेले बूट घ्यावेत. मुलांचे बूट झिजण्याआधीच आखूड होतात, त्यामुळे जुने बूट बऱ्याच चांगल्या स्थितीत मिळतात. त्या वयाच्या मुलांसाठी साध्या बुटात मऊ अस्तर असते, ते दोन-चार आठवड्यांच्या खेळाने आपोआप पायाला बसते. ओव्हनची गरज नाही.

मालवणी_आई

देव बरे करो. आमच्या क्लबातल्या मोठ्या मुलींकडे विचारते.

खाडीकाठ

कोकणातल्या हवेचा मुद्दा अजून कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. पावसाळ्यात बुटाचा फोम ओलावा धरून ठेवतो आणि ओला बूट तापवला तर आत वाफ धरते, अस्तर सुटते आणि पायाला चटका बसण्याची शक्यता वाढते. तापवण्याआधी इनसोल काढून, जीभ उघडून बूट किमान दोन दिवस पंख्याखाली ठेवावेत. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ते सकाळ-संध्याकाळ बदलले तर अधिक चांगले. तांदळाच्या डब्यात बूट पुरून ठेवण्याचा सल्ला मी ऐकला आहे, पण तो तांदूळ नंतर कोण खाणार, याचे उत्तर सल्ला देणाऱ्याने दिले नाही.

दुसरे म्हणजे, चाके काढलीच आहेत तर बेअरिंगही पुसून घ्या. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत 608 मापाच्या साध्या पोलादी बेअरिंगला एका पावसाळ्यात तांबेरा चढतो. ती रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, पातळ तेलाचा एखादा थेंब देऊन बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावीत.

मिऱ्याबंदर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने सगळे पार पडले, त्याचा वृत्तांत देतो, म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल.

आधी कारागिरांना पत्र पाठवून विचारले, कारण घरी तापवल्यावर वॉरंटी राहते का, हे पत्रकात स्पष्ट नव्हते. त्यांनी लेखी परवानगी दिली आणि सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बूट आत ठेवू नये असे कळवले. कुंकवाचा डाग मी समजत होतो त्याच्या बराच खाली आणि पुढे उमटला, तेव्हा फिजिओताईंचे विशेष आभार. नमदा माझ्या अंदाजाने लावला असता तर फुगवटा भलत्याच जागी आला असता. इनसोलचीही परीक्षा झाली, पण माझी कमान उभे राहिल्यावर फारशी बसत नाही, त्यामुळे दोष हाडाच्या उठावाचाच होता.

माझ्या बुटाचा चॅसिस, म्हणजे तळाखालचा चाके बसवायचा सांगाडा, रिव्हेटने ठोकलेला असल्यामुळे काढता येत नाही, आणि चॅसिससकट बूट घरच्या लहान ओटीजीत उभा राहत नाही. शेजारच्या काकू केकच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्याकडचा पंख्याचा साठ लिटरचा ओव्हन कामाला आला. त्यांनी एकच अट घातली की बूट ताटलीला लागता कामा नये, म्हणून जाळीवर जुने सुती धोतर चौपदरी घालून त्यावर बूट ठेवला. तापमापक 90 वरून हळूहळू उतरत 82 वर आला तेव्हा बूट आत गेला. पाच मिनिटे होता होता दार उघडून घोट्याजवळ अंगठा दाबला, तेव्हा एरवी लाकडासारखे कडक लागणारे कवच साफ दबले. आयलेटना मात्र बोट लावणे शक्य नव्हते, ती चांगलीच तापली होती. लेस ओढताना हातमोजे घालावेत ही माझी भर. पाय आत गेल्यावर नमद्याच्या जागी सुरुवातीला जोराचा दाब जाणवला आणि दोन-तीन मिनिटांत तो दाब विरत गेला. बूट गार झाल्यावर बाहेरून हात फिरवला तर त्या जागी बोटाला जेमतेम कळेल एवढाच उंचवटा आहे, डोळ्यांना दिसतही नाही.

आता पूर्ण सामना खेळूनही ते हाड दुखत नाही. एक शंका उरली आहे. डावीकडे वळताना क्रॉसओव्हर घेतला, म्हणजे एक पाय दुसऱ्यावरून पुढे टाकला, की डाव्या पायाची टाच अजून किंचित उचलली जाते. त्यासाठी पुन्हा तापवावे का? परदेशातल्या दुकानांत गरम बुटावरून प्लॅस्टिकची चिकट फिल्म घट्ट गुंडाळतात, असे वाचनात आले.

गुहागरी_परतलेला

फिल्म गुंडाळतात हे खरे आहे, आणि त्याने घोट्यावरचे कवच आत दाबून टाच पकडली जाते हेही खरे आहे, पण तोच दाब तुम्ही आत्ताच मोकळ्या केलेल्या हाडावरही येईल. इतक्यात पुन्हा तापवू नका. पेन्सिलीची परीक्षा आता पुन्हा करा. पेन्सिल आणि जीभ यांच्यात बोटभर पोकळी दिसत असेल, तर पायावर जागा जास्त आहे. तेव्हा जिभेच्या मागे नमद्याची पट्टी शिवून किंवा चिकटवून पाय मागे टाचेकडे दाबला जाईल असे करा. पोकळी नसेल, तर लेस आवळण्याची पद्धत पाहा : चवड्यावरच्या तीन-चार जोड्या सैलसर ठेवून घोटा जिथे वाकतो तिथल्या दोन जोड्या घट्ट आवळायच्या आणि सर्वांत वरची पुन्हा थोडी सैल ठेवायची. पुष्कळ जण याच्या नेमके उलट करतात, चवडा करकचून बांधतात आणि मग पायाला मुंग्या येतात म्हणून बुटाला दोष देतात.

चिपळूणची_फिजिओ

लेसच्या मुद्द्याला दुजोरा. मेणाची लेस वापरली तर मधल्या गाठीशिवायही त्या दोन जोड्या घट्ट राहतात. शिवाय टाचेच्या मागच्या कडेला त्वचा लाल होते आहे का, ते पाहत राहा. टाच वरखाली घासत राहिली तर तिथे हाड वाढल्यासारखा टणक गोळा येतो आणि मग त्यासाठी बुटाला वेगळी जागा करावी लागते.

मिऱ्याबंदर

पेन्सिल आणि जीभ यांच्यात करंगळी सहज जाते आहे. काकूंकडे नमदा उरला आहे, त्याची पट्टी कापून आजच जिभेला टाके घालतो.